ताईंची सापडलेली वही

वही हरवली सोमवारी, सापडली मंगळवारी, आणि नगरसेविका ताई गुप्तहेराच्या दारात आल्या बुधवारी सकाळी साडेदहाला.

"सापडल्यावर कोणी गुप्तहेराकडे येतं का?" भाऊजींनी विचारलं.

"सापडली म्हणूनच आले," ताई म्हणाल्या. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या.

गुप्तहेर म्हणजे वहिनी. बारा वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढून त्यांनी हा व्यवसाय धरला होता. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवायचे, आणि विचारात वहिनींच्या दोन पावलं मागे असायचे.

ताईंनी पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही काढली. वॉर्डातली प्रत्येक तक्रार त्या वीस वर्षं लिहून घेत आल्या होत्या. तक्रार काय, पाठवली कुठे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. वर्षाला एक वही; सगळ्या मिळून अकरा हजारांवर नोंदी.

"शुक्रवारी शाळेची मागची भिंत पडली," ताई म्हणाल्या. "शाळा सुटली होती म्हणून मुलं वाचली. रखवालदार मात्र भिंतीखाली सापडला. अजून शुद्धीवर नाही. आज चार वाजता चौकशी समिती मला विचारणार, भिंतीची तक्रार आली होती का? ते बघायला सोमवारी सगळ्या वह्या काढल्या, तर एक कमी. तीन वर्षांपूर्वीची. काल ती कपाटामागे मिळाली. आणि तिच्यात हे."

वहिनींनी नोंद मोठ्याने वाचली. "'शाळेची मागची भिंत, निळ्या फाटकाशेजारी, फुगली आहे. बांधकाम खात्याकडे पाठवली.' शेरा, 'खात्याकडून उत्तर नाही.'"

"मग झालं की!" भाऊजी खूश झाले. "दोष खात्याचा. सुंठीवाचून खोकला गेला."

"खातं म्हणतं, असं पत्र आलंच नाही. ते काय, नेहमीच म्हणतात. पण मलाही ही नोंद आठवत नाही." ताई पुन्हा दारापर्यंत जाऊन आल्या. "खरी असेल तर मी सुटले. खोटी असेल आणि मी ती समितीपुढे ठेवली, तर माझ्या वीसच्या वीस वह्या खोट्या ठरतील."

वहिनी वही खिडकीच्या उजेडात घेऊन गेल्या. "शेऱ्यांची शेवटची अक्षरं कोणी खाल्ली?"

"बाइंडरने! सहा महिन्यांपूर्वी कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा वह्या नव्याने बांधून घेतल्या. मेल्याने कडा सारख्या करताना शेरेच कापले. आमचे कारकून पानाच्या पार टोकापर्यंत लिहितात ना. बोटभर कागद कोरा राहिला तर त्यांच्या पोटात दुखतं."

"आणि या नोंदीखाली पान कोरं का?"

"महिना संपला की नवं पान. आकडेही पुन्हा एकपासून."

शाळेच्या मागे विटांचा ढीग अजून तसाच होता. फाटकावर पुठ्ठा बांधला होता. त्यावर 'धोका' लिहिलेलं होतं, पण अक्षर असं की मांजर शाईतून चालून गेलं असावं.

"मीच लिहिलंय," ताईंचा पुतण्या पुढे येत म्हणाला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वाजणारा फोन. "काकूंनी वीस वर्षं केलं, आता तरुणांना जागा द्यावी. मी हे तोंडावर म्हणतो. मग वही कशाला लपवू?"

"लपवण्याचं कोण बोलतंय? खोटी नोंद घालून परत ठेवली, तर काकूंसाठी खड्डा जास्त खोल होतो," वहिनी म्हणाल्या.

पुतण्याने फोन बंद केला. "माझ्याकडे कपाटाची किल्लीच नाही. एक कारकुनांकडे, एक काकूंच्या सुनेकडे. विचारा कोणालाही."

वहिनींनी फाटकाची कडी नखाने खरवडली. निळ्याखाली पिवळा रंग होता.

"मागच्या वर्षी मीच रंगवून घेतलं," पुतण्या म्हणाला. "कौतुक नाही कोणाला. जुनी माणसं अजून पिवळं फाटकच म्हणतात."

बदली रखवालदार स्टुलावर बसला होता. त्याची पाळी किती ते वहिनींनी विचारलं.

"सात ते तीन, बाई. आधीच्याचीही हीच होती. फाटक सोडून नाक शिंकरायलाही जाता येत नाही."

ताईंच्या ऑफिसच्या दारावर पाटी होती: 'तक्रारी सकाळी ८ ते १०. नोंदवलेल्या तक्रारीचाच पाठपुरावा होईल.' आत फोन थांबत नव्हते. कारकून एक उचलत, दुसरा ठेवत, घाम पुसत.

"अक्षर तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"माझंच दिसतंय."

"दिसतंय की आहे?"

"बाई, अकरा हजार नोंदी लिहिल्या या हातांनी. पिवळ्या फाटकाची भिंत लिहिली असेन, नसेनही. आता नाही म्हणालो तर ताई बुडतात, हो म्हणालो आणि खोटं निघालं तर मी. तुम्हीच सांगा काय म्हणू!"

पलीकडे संगणकापाशी ताईंची सून बसली होती. लग्नाला आठ महिने झाले होते, नवरा बोटीवर. आल्यापासून ती जुन्या वह्या संगणकात उतरवत होती.

"कारकूनकाकांचं अक्षर बघून बघून डोळे गेले माझे," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "परवा यादी लिहायला बसले, तर तीही त्यांच्याच अक्षरात उतरली."

"रखवालदाराला ओळखता?"

"भला माणूस हो. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला." ती घड्याळाकडे बघायला लागली. "वाचेल ना?"

"डॉक्टर प्रयत्न करतायत," वहिनी म्हणाल्या.

तीनला दहा मिनिटं असताना वहिनींनी सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. ताईंच्या फेऱ्या तिथेही चालूच होत्या.

"नोंद खोटी आहे," वहिनी म्हणाल्या.

कारकून खुर्चीत बसले ते जवळजवळ पडलेच.

"हे पान बघा. प्रत्येक शेऱ्याचं शेवटचं अक्षर कापलेलं आहे. कारण आधी लिहिलं, मग सहा महिन्यांपूर्वी बाइंडरने कडा कापली. या एकाच नोंदीचा शेरा अखंड आहे, आणि कडेच्या आत गुण्यागोविंदाने संपतो. लिहिणाऱ्यासमोर पान आधीच कापलेलं होतं."

"म्हणजे सहा महिन्यांच्या आतली," भाऊजी बोटांवर मोजत म्हणाले. "पण जुन्याच वहीत का?"

"चालू महिन्यात रोज नोंदी होतात, मध्ये जागा नसते. जुन्या महिन्याच्या शेवटी जागा असते, आणि आकडे दर महिन्याला नवे, त्यामुळे एक वाढला तरी कळत नाही. आता फाटक. तीन वर्षांपूर्वी ते पिवळं होतं. कारकून आजही पिवळंच म्हणतात. त्यांनी निळं लिहिलं नसतं."

"मग हा!" भाऊजींनी पुतण्याकडे बोट केलं. "चूक मुद्दाम ठेवली, काकू पकडल्या जाव्यात म्हणून!"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण त्याच्याकडे किल्ली नाही, आणि त्याचं अक्षर तुम्ही पुठ्ठ्यावर पाहिलंत. त्या हातातून ही नोंद जन्मात उतरायची नाही. फाटक निळंच होतं असं मनापासून समजणारं माणूस हवं. म्हणजे गेल्या वर्षानंतर इथे आलेलं. किल्ली असलेलं. कारकुनांचं अक्षर हातात बसलेलं."

सुनेने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"आणि मुली, रखवालदाराला पाणी तू कधी दिलंस?"

बाहेर फोन वाजून वाजून थांबला.

"मागच्या महिन्यात," सून म्हणाली. "घरी आला होता, ड्यूटी संपल्यावर. भिंत फुगलीय म्हणत होता. आई, तुम्ही फोनवर होतात. हातानेच त्याला थांबवलंत आणि म्हणालात, 'उद्या आठ ते दहात ऑफिसात ये, लिहून जा.' तो बरं म्हणाला आणि गेला."

ताई त्या दिवसात पहिल्यांदाच जागच्या जागी थांबल्या.

"सातला त्याची पाळी सुरू व्हायची," वहिनी हळूच म्हणाल्या. "आठ ते दहा तो फाटकावरून हलू शकत नव्हता."

"मला आठवतसुद्धा नाही," ताई म्हणाल्या. "लिहिलेलं नसलं की मला आठवतच नाही."

"तुमची वीस वर्षं एका 'उद्या'मुळे जातील असं वाटलं मला! म्हणून वही घरी नेली, आणि लिहून कपाटामागे टाकली." सून रडायला लागली. "तक्रार तर खरीच होती ना, आई? मी फक्त तारीख..."

"फक्त तारीख," ताई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, पण बोलल्या त्या जरा कठोरच. "आणि भिंतीखाली दुसऱ्या कोणाला तरी उभं केलंस. त्या खात्यातल्या माणसांना सुना नसतील?"

"समितीला हे कळायची गरज नाही, काकू," पुतण्या एकदम म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तसा तो लाल झाला. "म्हणजे, वही दाखवूच नका. तक्रार नव्हती म्हणा. नोंद नाही, तर नाहीच. पकडणार कोण?"

"तो शुद्धीवर आला तर तो," भाऊजी म्हणाले. मग जरा विचार करून, "आणि नाही आला तर... कोणीच नाही."

ताईंनी चप्पल पायात सरकवली.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पंखा नुसताच आवाज करत होता. वहिनी आणि भाऊजी मागच्या बाकावर बसले. बांधकाम खात्याचा इंजिनिअर भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होता.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "ताई, या भिंतीबद्दल आपल्या वहीत नोंद आहे का?"

"नाही."

इंजिनिअर वळला.

"म्हणजे आपल्याकडे तक्रार आली नव्हती." अध्यक्ष लिहायला लागले.

"आली होती," ताई म्हणाल्या. "रखवालदार स्वतः माझ्या दारात आला होता. मी त्याला ज्या वेळी यायला सांगितलं, त्या वेळी त्याला येताच येणार नव्हतं. मी ते विचारलं नाही."

अध्यक्षांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वीस वर्षांची ओळख होती.

"ताई, हे... लिहून घ्यायचं?"

"लिहून घ्या," ताई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. "सावकाश सांगते."