मुकादमाची नवी जोडी कुठं निघाली?

"नेवाशावरून!" म्हणत भिमाजी मुकादमानं चिंचेच्या बुंध्यावर अशी थाप मारली, की वरून चार चिंचा, वाळकी पानं आणि झोपमोड झालेला एक सरडा खाली पडला.

"सोनईवरून!" पुंजारामआबांनी काठी आपटली. "अर्धा दिस वाचतोय!"

"आन् मुक्कामाला पानी? छत्तीस बैलांना तुमचं धोतर पिळून पाजायचं का? त्या वाटंचं तळं आटलंय, आबा!"

सगळी टोळी खो खो हसली. आबा सोडून.

दिवाळी उरकून पाथर्डीकडच्या अठरा बैलगाड्या ऊसतोडीला श्रीरामपूरकडे निघाल्या होत्या. साल होतं एकोणीसशे बहात्तर. त्या वर्षी पाऊस असा काही रुसला होता, की गावचे बेडूक बिऱ्हाड पाठीवर घेऊन आधीच निघून गेले होते म्हणतात. खोटं वाटत असेल तर त्या वर्षी आमच्याकडे डराव ऐकलेला एक तरी माणूस आणून दाखवा!

तेव्हा वाट आणि मुक्काम ठरवणं ही साधी गोष्ट नव्हती. नेवाशाला प्रवरेच्या डोहात अजून पाणी होतं. सोनईची वाट जवळची, पण कोरडी. मुकादमाचं बरोबरच होतं.

हे मनकर्णालाही कळत होतं. पण सोनईत तिची चांगुणाताई होती.

आई गेली तेव्हा मनकर्णा नऊ वर्षांची होती. तेव्हापासून तिची वेणी घालणारी, भाकरी करून वाढणारी, अंगात ताप असला की रात्रभर बसणारी ती चांगुणाताई. वैशाखात तिचं लग्न झालं आणि ती सोनईला गेली. घरात राहिले मनकर्णा आणि तिचे वडील, दादा. दादा माणूस सोन्यासारखा, पण दिवसाला सात शब्द बोलायचा, आणि त्यातले पाच बैलांशी!

"मुकादमकाका," मनकर्णा पुढे झाली, "सोनईवरून गेलो तर..."

"पोरांनी मधी बोलू न्हाई!" मुकादम गरजला.

विषय संपला.

"बरं, नेवासं तर नेवासं," पुंजारामआबा म्हणाले. "पर भिमाजी, तुझी ही नवी जोडी म्होरं नको. नवी जोडी पहिल्या खेपेला रांगंच्या मधी चालवत्यात. वाडवडलांची रीत हाय."

मुकादमानं आपल्या जोडीकडे पाहिलं. दसऱ्याच्या सुमारास घोडेगावच्या बाजारातून आणलेले पांढरेशुभ्र बैल, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा. एवढा थाट मधल्या रांगेत धूळ खायला?

"ही जोडी म्होरंच चालनार!" तो मिशीवर बोटं फिरवत म्हणाला. "लई शानी हाय. मी शिकवलीय!"

गाड्या निघाल्या. सर्वांत पुढे मुकादम, सर्वांत मागे दादांची गाडी. मागची गाडी म्हणजे सतरा गाड्यांची धूळ आणि गप्पा मारायला कुणी नाही. शाळेतल्या मैत्रिणी आज गावात सुट्टीतल्या चिंचा पाडत असतील. पंधरा दिवसांनी शाळा उघडेल, सहावीच्या हजेरीत मनकर्णाचं नाव येईल, आणि गुरुजी पुढच्या नावाकडे जातील. ती कडब्यावर पालथी पडून उलट दिशेनं पळणारी वाट बघत राहिली.

दुपारच्या भाकरी झाल्या आणि टोळीचा मोठा चमत्कार सुरू झाला. पहाटे तीनला उठलेली माणसं एकेक करून आडवी झाली. काळजी कसली? मागचा बैल पुढच्या गाडीमागं चालतो, आणि सर्वांत पुढच्या जोडीला वाट ठाऊक असते. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं! थोड्याच वेळात अठरा गाड्यांवर अठरा गाडीवान घोरत होते. मुकादमाचं घोरणं तर असं जबर, की पुढच्या गावची कुत्री अर्धा कोस आधीच भुंकायला लागली.

मनकर्णा मात्र जागी होती. आणि तिला काहीतरी खटकलं.

कूस बदलून तिनं तोंड पुढे केलं, तर ऊन डोळ्यांत येत होतं.

नेवासं उत्तरेला. म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर हवं. मग हे समोरून कसं? ती उठून बसली. तेवढ्यात रस्त्याकडेला एक पांढरा दगड मागं गेला. त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोनई २२.

फाट्यावर गाड्या चुकीच्या वाटेला लागल्या होत्या! आणि जागं होतं कोण? ती एकटी!

ओरडायला तिनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

ती काहीच बोलली नाही, तर? संध्याकाळी नाहीतर रात्री सोनई येईल. ताई येईल!

"मने! शेंगा हायत्या का?"

ती दचकली. मुकादमाचा पोरगा गोरक्ष आणि शेजारच्या गाडीवरचा छगन झोपेतून उठून चालत्या गाड्यांच्या कडेनं मागं येत होते. गोरक्ष तेरा वर्षांचा आणि सगळ्या जगाचा मुकादम. छगन दहाचा; त्याच्या पोटाला तळ म्हणून नव्हताच.

"शेंगा न्हाईत. गूळ हाय," मनकर्णा म्हणाली.

"गूळ काय वाईट असतोय व्हय!" छगन टुणकन गाडीत चढला.

"ऊन लई डोळ्यात येतंय गं," गोरक्ष कपाळावर हात धरत म्हणाला. पुढचा दगड जवळ येत होता. सोनई २०!

"ते बघ!" मनकर्णानं दुसरीकडे बोट दाखवलं. "घार! केवढी!"

दोघांनी माना वळवल्या.

"कुठाय?"

"गेली."

"आमच्या बापूंनी एकदा एवढी मोठी घार बघितल्ती, की तिनं रेडकू उचललं!"

"खाली ठेवलं का पुन्हा?" छगननं तोंडात गूळ ठेवून विचारलं.

दोघं हसायला लागले. मनकर्णाला हसू आलं नाही. एवढ्यात गाडी गचकली. त्यांचा ढवळ्या बैल ठेचाळला होता. तो सावरला, चार पावलं चालला, आणि जीभ लांब काढून पुढच्या गाडीच्या मागच्या फळीला चाटायला लागला. लाकडात ओल शोधत असेल बिचारा. पहाटेपासून त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. आणि या वाटेवर तो मिळणारही नव्हता.

मनकर्णानं हातातला गूळ खाली ठेवला.

"गोरक्ष, घार नव्हती तिथं," ती म्हणाली. "दगड होता. आपण सोनईच्या वाटंला लागलोय. मला मघापास्नं ठावं हाय."

"आन् तू गप बसलीस?"

"व्हय."

गोरक्ष धावत सुटला. "चल छगन! सगळ्यांना उठवायचं!"

मग जी धमाल उडाली ती काय सांगावी! छगन रिकामा डबा बडवत पळाला, गोरक्ष गाड्यागाड्यांवरून पांघरुणं ओढत गेला, आणि मनकर्णा सगळ्यांच्या पुढे जाऊन मुकादमाच्या बैलांसमोर हात पसरून उभी राहिली. घुंगरमाळा थांबल्या. मागच्या सतरा गाड्या एकमेकींवर आदळत थांबल्या.

भिमाजी मुकादम डोळे चोळत उठला. "आलं का नेवासं?"

"न्हाई काका," मनकर्णा म्हणाली, "नेवासं गेलं!"

"काय बडबडतीस? माझी जोडी वाट चुकनार न्हाई!"

"बापू, दगड वाचलाय आमी! सोनई अठरा लिव्हलंय!" गोरक्ष ओरडला.

मुकादमानं दगडाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, मग पुंजारामआबांकडे पाहणं मात्र टाळलं. आबांनी ती संधी सोडली नाही. "लई शानी जोडी! तूच शिकवलीस न्हवं?"

पण हसायचं कुणाला सुचलं नाही. परत फाट्यापर्यंत जायलाच दिवस मावळणार. तिथून नेवासं सहा कोस. पुढे सोनईपर्यंतही बैल पोचले नसते. ते जागच्या जागी माना टाकून उभे होते. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. आसपास ना गाव, ना धूर. नुसतं माळरान आणि त्यावर वारा.

मुकादमानं गाडी मागं वळवायला कासरा ओढला. जोडी हलेना. शेपट्या पिरगाळल्या. जोडी खालीच बसली!

मनकर्णा बघत होती. सगळे बैल मेल्यासारखे झालेत, मग फाट्यापासून ही जोडी न हाकता कशी काय चालत आली? पाय दुखत असताना माणूस तरी उगाच भरभर चालतं का? फक्त एकाच ठिकाणी जाताना चालतं.

"काका, बैलांना जुवातून सोडा," ती म्हणाली.

"सोडलं आन् पळाले म्हंजी?"

"पळावंत म्हनूनच सोडा. ते वाट चुकल्याले न्हाईत, काका. घोडेगावचा बाजार ह्याच अंगाला हाय न्हवं? घरी निघाल्येत. जिथं रोज पानी प्यायचे तिथं."

"तुला काय कळतंय बैलांचं?"

"बैलांचं न्हाई कळत." ती बसलेल्या जोडीकडे बघत म्हणाली. "मीबी मघापास्नं तेच करत हुते. वाट चुकलेली मला आधीच कळली हुती. सोनईला ताई हाय माझी. म्हनून मी कुनाला उठवलं न्हाई."

गाडीच्या मागून दादा पुढे आले. आता मार बसणार असं तिला वाटलं. पण दादांनी मुकादमाच्या बैलांची जुवाची दोरी सोडली, आणि दिवसाच्या शिलकीतला एकच शब्द खर्च केला.

"जा."

बैल उठले. कान टवकारले. आणि रस्ता सोडून बाभळीतल्या पायवाटेनं असे निघाले, की कासरा धरलेला गोरक्ष त्यांच्यामागं पतंगासारखा उडाला! मनकर्णा आणि छगन धापा टाकत पाठोपाठ. एक ओढा, एक बांध, निवडुंगाचं कुंपण... आणि अचानक हिरवा घास! मळा! एक मोठी दगडी विहीर!

बैल थांबले नाहीत. ते सरळ विहिरीच्या धावेवर, मोट ओढायच्या उतारावर, चढले, तोंड वळवून पाठ विहिरीकडे केली, आणि शेजारी शेजारी उभे राहिले. जणू कुणीतरी मोट जोडेल आणि 'चल' म्हणेल, याची वाट बघत!

पण मोट नव्हती. विहिरीच्या काठावर नवंकोरं इंजिन होतं.

"अगं बया!" झोपडीतून एक म्हातारी धावत आली. "अवो, बाहेर या! आपली पोरं आली!"

तिच्या मागून म्हातारा आला, डोक्याला मुंडासं गुंडाळत. हे काकासाहेब आणि त्यांची साळूबाई. मळ्यात दोघंच राहत. साळूबाई एका बैलाच्या गळ्याला बिलगली ती सुटेचना.

"इंजिन आलं, मोट थांबली," काकासाहेब मुलांना म्हणाले. "बैल बसून काय करनार, म्हनून बाजारात नेले. तवापास्नं हिकडं सांजच्याला यायचं धाडस होत न्हाई मला. धाव मोकळी दिसतीय." त्यांनी नाक पुसलं. "किती गाड्या हायत्या तुमच्या?"

"अठरा," मनकर्णा म्हणाली. "छत्तीस बैल. सकाळपास्नं पानी न्हाई."

"मंग हुभ्या का? आना की!"

दिवस बुडायच्या आत अठरा गाड्या मळ्यात लागल्या. इंजिन टकटक करत पाणी ओढत होतं. ढवळ्यानं तर पाटात एवढा वेळ तोंड घातलं, की विहीर फुटभर खाली गेली असं छगन पुढे जन्मभर सांगायचा!

चुली पेटल्या. पुंजारामआबांनी तिन्ही मुलांना समोर बसवलं. "शाबास! अठराच्या अठरा गाडीवान घोरत पडले, आन् अकला राहिल्या तिघा पोरांत."

"ह्या पोरीनं बैल वाचवले," मुकादम चुलीकडे बघत म्हणाला. कबूल करताना त्याला माणसाकडे बघवत नसे. "आन् चुकी स्वताच्या तोंडानं सांगितली. माझ्यानं अजून सांगवंना." त्यानं चुलीत एक लाकूड सारलं. "आबा, जोडी मधीच घालायला पायजे हुती."

आबांनी मुकादमाकडे तंबाखूची चंची सरकवली.

"मने," मुकादम म्हणाला, "उद्याची वाट तू सांग. नेवासं का सोनई?"

मनकर्णानं खूप वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या.

"सोनई. जवळ हाय म्हनून न्हाई, काका. मला ताईला बघायचंय."

"मंग सकाळीच का न्हाई सांगितलंस, येडे?"

"सांगत हुते," ती म्हणाली.

भिमाजी मुकादमाला खोकला आला. बराच वेळ आला.

दुसऱ्या दिवशी दिवस कासराभर वर आला तेव्हा सोनईच्या वेशीवर कुणीतरी निरोप दिला, आणि चांगुणाताई पिठाच्या हातांनी पळत आली. तिनं मनकर्णाचे केस बघितले. "कोन घालतंय गं वेणी? गाठी किती झाल्यात!" ती तिथंच वडाच्या पारावर बसली आणि एकेक गाठ सोडवायला लागली.

"फार थांबायचं न्हाई बरं का!" मुकादम गरजला. "कारखान्यावर पोचायचंय! चाकांना वंगन घातलं की निघायचं!"

अठरा गाड्या, छत्तीस चाकं. वंगणाचा नळा घेऊन मुकादम स्वतः बसला. पहिलं चाक. दुसरं चाक. एवढ्या सावकाश वंगण कुणी कधी घातलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "बापू, परवाच तर घातलं हुतं की!" गोरक्ष म्हणाला, आणि त्याच्या टाळक्यात टपली बसली.

पस्तीस चाकं झाली. पारावर वेणी अजून अर्धीच होती. छत्तिसाव्या चाकापाशी नळा कोरडा पडला, तरी भिमाजी मुकादम त्या चाकापुढे मान खाली घालून बसून राहिला.