हिरव्या झाकणाचा डबा

"तुम्ही जरा लांब उभे राहाल का?"

माझी नात भिंगरी त्याच्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. आता सांगा, अशानं कुणाचं जमतं का? पण जमलं.

भिंगरी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. हा आला होता चष्म्याची वाकलेली काडी सरळ करून घ्यायला. उंच इतका, की वाकून आत शिरताना दुकानानंच अंग चोरलं असेल. आणि अंगाला भाजलेल्या कॉफीचा असा वास, की तो रस्त्यानं गेला तर दोन्ही बाजूंची झोपलेली माणसं उठून बसतात. वाढवून सांगते म्हणता? तुम्ही हुंगलं नाहीये त्याला.

"एवढा घाण वास येतोय?" बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"घाण नाही हो... छान येतोय. तीच तर पंचाईत आहे!"

"म्हणजे?"

"माझ्या वहिनीला दिवस गेलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॉफी कमी करा, तर तिनं बंदच केली. मागोमाग चहा गेला, चॉकलेट गेलं. परवा माझ्या स्वेटरला कुठूनसा कॉफीचा वास लागला, तर स्वेटर नाकाशी धरून रडत बसली."

तो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "कॅफीन काढून टाकलेली कॉफी मिळते. चव बरीचशी तीच. माझं कॉफीचं दुकान चौकापलीकडेच आहे. डॉक्टरांना एकदा विचारा, आणि मग... या."

'मग' आणि 'या' यांच्यामध्ये तो जेवढा थांबला, तेवढ्यात माझा अर्धा स्वेटर विणून झाला असता.

पण घरातली गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. माझ्या नातसुनेचं मागच्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हा ती ऑफिसात कपावर कप रिचवायची, आणि तिच्या मनानं घेतलं होतं की हे माझ्या कॉफीनंच केलं. कुणी कितीही समजवा. आता पाचवा लागला होता, पण पोटात हालचाल म्हणून अजून जाणवली नव्हती. "जाणवेल हो, घाई काय आहे?" असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. ही मात्र पोटावर हात ठेवून बसून राहायची. कुणीतरी दार वाजवून जाईल आणि आपल्याला ऐकूच येणार नाही, अशी.

डॉक्टरीणबाईंनी त्या कॉफीला होकार दिला. भिंगरी रोज संध्याकाळी थर्मास घेऊन निघायची. त्याच्याकडे आतल्या फळीवर दोन सारखेच डबे होते. लाल झाकणाचा साध्या कॉफीचा, हिरव्या झाकणाचा वहिनीच्या कॉफीचा.

"हिरव्या झाकणाचीच ना?" ही रोज विचारायची.

"हिरव्याचीच," तो रोज म्हणायचा. "तुमचा विश्वास कधी बसणार?"

"माझा लवकर बसत नाही."

"हरकत नाही. मी दुकान लवकर बंद करत नाही."

एक कप कॉफी आणायला पोरीला तासभर लागायचा. मी काही बोलले नाही. नातसून मात्र तो एक कप पुरवून पुरवून प्यायची, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या गालावर रंग दिसायला लागला होता.

मग एका दुपारी तो नंबर तपासून घ्यायला आला. नंबर झाला, तरी भिंगरीला काही त्याला सोडवेना. तिनं रंगीत ठिपक्यांचं पान पुढं धरलं. "यात आकडा कोणता दिसतो?"

"आकडा? मला तर मणी सांडलेले दिसतायत."

"थट्टा पुरे हं."

"खरंच. लाल काय, हिरवं काय, मला लहानपणापासून एकच." तो हसतच होता.

भिंगरीच्या हातून पान खाली पडलं.

"हिरवं झाकण..." ती पुटपुटली. "तुम्ही रोज मला सांगायचात... हिरवं झाकण!"

त्याचं हसू जागच्या जागी विझलं.

दोघं धावतच त्याच्या दुकानात गेले. "वहिनीचा डबा कुठला?" तिनं विचारलं. त्यानं जराही न अडखळता एक डबा उचलला.

झाकण लाल होतं.

"झाकणं धुतली की अदलाबदल होत असेल, मला कळत नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "पण मी झाकण बघतच नाही. ह्या डब्याला खाली दोरा बांधलाय, बघा. मी दोरा चाचपतो."

"आणि भरताना? कधी दुसऱ्याच डब्यात भरली असेल तर?"

दुसरा कुणी असता तर छातीठोक सांगून मोकळा झाला असता. हा म्हणाला, "चुकलो नसेन. पण... छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत." मग डबा काखेत मारला. "चला. वहिनींना मीच सांगतो."

सांगितलं त्यानं. नातसून पांढरीफटक पडली. मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दिवसाला एक कप, म्हणजे खरी कॉफी असली तरी घाबरायचं कारण नाही. आणि मागच्या वेळचा दोष कॉफीवर टाकू नका, मी तेव्हाही हेच सांगितलं होतं." नातसुनेनं सगळं ऐकलं, मान हलवली, फोन ठेवला.

"पण आजी... होती कुठली?"

तिला झोप लागणार नव्हती ते कळेपर्यंत. म्हटलं, "करा रे त्यातली मोठा कपभर. मला द्या."

कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खऱ्या कॉफीचा घोट गेला की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. एकदा चुकून प्यायले, तर घरातली भांडी घासून झाल्यावर शेजारणीची मागून आणली होती!

कप रिकामा करून मी आरामखुर्चीत पडले. तिघं समोर बसली, माझ्या पापण्यांकडे बघत. माझ्या लग्नातसुद्धा मला इतकं कुणी निरखलं नव्हतं. नातसुनेची बोटं एकमेकांत अडकलेली. मला वाटलं, आता कशी येणार झोप...

आणि गाढ झोपले की! शपथेवर सांगते, यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

जाग आली ती कुजबुजीनं. आतल्या खोलीत नातसून नाक शिंकरत होती, हसत की रडत कोण जाणे. इथं फक्त ही दोघं. मी डोळे मिटलेलेच ठेवले.

"खोटं बोलला असतात तर मला कळलंसुद्धा नसतं," भिंगरी म्हणाली.

"हो. आणि उद्या तुम्ही नेहमीसारख्या थर्मास घेऊन आला असतात."

"मग?"

"मग काय... खरं सांगितलं. आता तुम्ही येणार नाही, असं धरून चाललोय." तो थांबला. "माझ्या दुकानाची शेवटची पायरी तुम्ही गाळता. उडी मारता. ती उडी ऐकली की मी पाणी ठेवतो. तुमच्या स्वेटरचा रंग मला आयुष्यात कळायचा नाही... पण ती उडी ऐकू आली नाही, तर मी दुकान उघडून करू काय?"

मी श्वास धरून ठेवलेला.

"लाल आहे," भिंगरी हळूच म्हणाली.

"काय?"

"स्वेटर. मी सांगत जाईन ना तुला... रोज."

'तुम्ही'चं 'तू' झालं! माझा धरलेला श्वास सुटला. आता पकडले जाणार, म्हणून मी त्याचंच घोरणं केलं. असं घोरणं, की कपाटातले कप किणकिणले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई गं!"

दोघं धावली. मी एक डोळा किलकिला केला. नातसून चौकटीला धरून उभी, एक हात पोटावर, चेहरा ओलाचिंब. "हललं... भिंगरी, हललं! आजींच्या घोरण्यानं दचकलं ते!" मग श्वास रोखून थांबली. "थांब... आता गप्प झालं. आजी, अहो आजी, परत घोरा ना!"

आता झोपलेलं माणूस सांगितल्यावर कधी घोरतं का?

मी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि घोरले.