मागची डावी बाजू

माझ्या स्थळात मावशीला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे गाडी. "घरची गाडी आहे गं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. गाडी कधीची आहे, हे तिने विचारलं नाही. मीही नाही. नवरा चांगला होता, माझ्यासारख्या अबोल बाईला पुरेल इतका बोलका होता, आणि लग्नाच्या दिवशी गाडी फुलं लावून दारात उभी होती. इंजिन मात्र चालू होतं, विधी सुरू होते तेव्हापासून. इतका वेळ चालू कशाला ठेवलीय, असं मनात आलं. पण नव्या नवरीचा सासरच्या माणसांना पहिला प्रश्न इंजिनाबद्दल असावा, हे बरं दिसलं नसतं.

उत्तर आठवडाभरातच मिळालं. "बंद केली की हिचा भरवसा नाही," बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. गाडी इतकी पळाली होती की मीटरवरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. नातवंडाचा पराक्रम सांगावा तसं ते हे सांगायचे. त्यामुळे घराबाहेर गाडी बंद करायची नाही, असा घरचा नियम होता. बाकीचे कामाला उतरणार, आणि एकाने ड्रायव्हरच्या सीटवर बसून पायाने हलकी रेस देत राहायचं. मधल्या काळात नवा सेल्फ स्टार्टर टाकून झाला, नवी बॅटरी टाकून झाली. नियम तसाच राहिला. सेल्फ बदलता येतो, पण सवयीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.

तर ते 'एकाने' म्हणजे मी. असं कुणी ठरवलं नव्हतं. बँकेसमोर, औषधाच्या दुकानासमोर, सासूबाईंच्या मैत्रिणीच्या घरासमोर गाडी थांबायची, "तू बस गं, पाचच मिनिटं," आणि तिन्ही दारं एकामागून एक लागायची. मला गाडी चालवता येत नाही. चालू ठेवता येते.

माझा जीव मात्र दुसरीकडे अडकला होता. नवरा शेजारच्या गावातल्या कारखान्यात कामाला होता, रोज बसने ये-जा करायचा. त्याच गावात एका चष्म्याच्या दुकानात मला नोकरी मिळाली होती, आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्या भाड्याने मिळत होत्या. एका खोलीच्या खिडकीतून झाडाची फांदी हात लावण्याइतकी जवळ होती. तिथे मी गाळणी कुठे अडकवायची, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं. अडत होतं ते अनामत रकमेवर. आम्ही जरा काही साठवलं की गाडी खोकायची. कधी क्लच प्लेट, कधी रेडिएटर, एकदा तर पूर्ण सायलेन्सरच चौकात गळून पडला, आणि नवरा तो काखेत धरून घरी आला.

"हिच्यापेक्षा हत्ती पाळला असता," मी म्हटलं.

"हत्तीचं मायलेज याहून कमी असतं," नवरा म्हणाला.

आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसायचो.

गॅरेजात गाडी नेणं नवऱ्याकडे, आणि शेजारी बसणं माझ्याकडे. मिस्त्री मध्यम वयाचा होता, कान ओढल्यासारखा एका बाजूला मान वाकवून इंजिन ऐकायचा. बाकीची दुखणी फिरती होती, पण एक दुखणं कायमचं होतं. मागची डावी बाजू. तिथला शॉकअप टिकायचा नाही. तिथलं टायर आधी झिजायचं. स्प्रिंग बदलली तरी महिन्याभरात गाडी त्या अंगाला कलायची.

"मागे डावीकडे रोज कोण बसतं?" एकदा मिस्त्रीने विचारलं.

"कुणीच नाही," नवरा म्हणाला.

"मग ओझं ठेवता?"

"नाही."

मिस्त्रीने हात पुसले. "ठेवता म्हणा की. मला काय, मी स्प्रिंग विकतो."

परतताना मी मागे वळून बघितलं. सीटच्या डाव्या कोपऱ्यात एक खळगा होता, बसून बसून पडतो तसा. त्यातून जुन्या कापडाचा आणि थंड झालेल्या औषधी तेलाचा वास येत होता. मी खिडकीची काच खाली केली. ती नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकली.

आत्याची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली, कपड्यांच्या घड्या घालता घालता. आत्या म्हणजे बाबांची बिनलग्नाची बहीण. आधी गाडीत तीच बसायची. वर्षानुवर्षं. लोक लग्नांना गेले, बारशांना गेले, दवाखान्यात गेले, आत्या बाहेर रेस देत बसली. सगळे परत आले की ती उतरून मागे डाव्या कोपऱ्यात जायची.

"त्या दिवशी आम्ही एका आजाऱ्याला बघायला गेलो होतो," सासूबाई म्हणाल्या. "तिला म्हटलं, पाच मिनिटांत येतो. लागला वेळ. बाहेर आलो तर ही आधीच मागे जाऊन बसलेली. आम्ही नेहमीसारख्या पिशव्या तिच्या मांडीवर ठेवल्या. घरापर्यंत गप्पा मारत आलो. तिच्याशीसुद्धा. दारात आल्यावर म्हटलं, उतर गं…"

त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय जाऊन."

मग विचारावंसं वाटलं ते विचारलं. "आई, त्या मागे होत्या तर… तुम्ही आलात तेव्हा गाडी चालू होती?"

"होती की."

"मग रेस कोण देत होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. "उशा उन्हात टाकल्यास का?" त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी नवऱ्याच्या मागे लागले. गाडी विकू. येईल त्या किमतीला विकू, पण विकू. खोल्यांच्या मालकाने महिनाअखेरपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं. बाबा दोन दिवस जेवणाच्या ताटावर बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "न्या. मी येतो बरोबर. निदान धड माणसाच्या हातात पडू दे."

जुन्या गाड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचं आवार गावाबाहेर होतं. आम्ही दुपारी निघालो. वाटेत धुकं उतरायला लागलं, अवेळीच, आणि आवारात शिरलो तोवर इतकं दाट झालं की ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांची फक्त पुढची तोंडं दिसत होती. टोकाला पत्र्याची कचेरी होती. तिच्या खिडकीतला उजेड पिवळट आणि लांबचा वाटत होता.

"कागद बघून येतो," नवरा उतरत म्हणाला. "तू बस. पाचच मिनिटं."

बाबा क्षणभर दाराला हात लावून उभे राहिले. मग तेही गेले. मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले आणि पाय ठेवला.

इंजिन घरघरत होतं. काचेवर बाहेरून ओल धरत होती. पाच मिनिटं कधीच होऊन गेली असावीत. पोटरी भरून आली. कचेरीतून कुणी बाहेर येईना. मग मला एकदम स्वतःचं हसू आलं. गाडी विकायलाच आणलीय. आता बंद पडली तर पडली, धक्का मारायला तो व्यापारी आहे. मी पाय उचलला आणि किल्ली फिरवली. किल्ली काढून हातात घेतली.

इंजिन चालूच राहिलं.

जुनी इंजिनं कधी कधी किल्ली काढल्यावरही थोडा वेळ चालतात, असं मिस्त्री म्हणाला होता. मी थांबले. थोडा वेळ संपला. पायाखालचा पेडल आपोआप किंचित खाली गेला, वर आला. रेस दिल्यासारखा.

मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली. औषधी तेलाचा वास पुढे आला.

"बंद नको करूस…" मागून कुणीतरी म्हणालं. आवाज दबका होता, खूप दिवस न बोललेल्या घशातून येतो तसा. "परत चालू होत नाही मग. ओरडतात."

मी वळले नाही. आरशातही बघितलं नाही. मला आठवतं, मी किल्ली इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते तळहातात रुतले होते.

"किती वेळ लागेल म्हणाले…?"

घरातल्या मोठ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायची सवय असते. "पाच मिनिटं," मी म्हटलं.

"मलापण तेवढंच म्हणाले होते."

मग ती म्हणाली, अगदी आपुलकीने, माझ्या मानेजवळून, "तुझा पाय बसलाय बरं का सूनबाई. हलका आहे. माझा कधी इतका हलका नव्हता… आता मी उतरते."

मागचं डावं दार उघडलं. धुकं आत आलं. दार लागलं, अगदी हळू, शेजारी झोपलेल्याला जाग येऊ नये तसं. आणि गाडी त्या अंगाने वर उठली. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती सरळ उभी राहिली.

माझं उजवं पाऊल पेडलवर होतं. मी तिथे ठेवलेलं नव्हतं.

नवरा आणि बाबा व्यापाऱ्याला घेऊन आले. मी उतरले, आणि उतरताक्षणी इंजिन बंद पडलं. व्यापारी बसला, किल्ली मारली. काही नाही. नवरा बसला. काही नाही. बॉनेट उघडून तिघांनी आत बघितलं, पुरुषमाणसं बघतात तसं. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "तू बस बघू जरा."

मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं, सौदा होतोय, नखरे काय करतेस?" त्या सौद्यावर माझ्या दोन खोल्या होत्या. मी बसले. किल्ली अर्धी फिरली असेल नसेल, इंजिन सुरू झालं. इतकं गोड, इतकं एकसारखं मी ते कधी ऐकलं नव्हतं.

उतरले. बंद.

व्यापारी हसला. "गाडी घेतो, पण वहिनींसकट घेता येणार नाही." आणि तो कचेरीकडे चालू लागला.

परतताना बाबा वाटभर बोलत होते. गाडीला माणूस कळतं, म्हणाले. नव्या सुनेचा पायगुण, म्हणाले. नवराही हळूहळू हसायला लागला. गाडी पुन्हा मीच चालू केली होती, आणि खाली न उतरता आतूनच मागे सरकले होते, डाव्या कोपऱ्यात. मधे कुठेतरी त्यांनी भाजीच्या पिशव्या घेतल्या आणि मागे वळून न बघता माझ्या मांडीवर ठेवल्या.

महिनाअखेर आली आणि गेली. खोल्या कुणीतरी दुसऱ्याने घेतल्या. चष्मेवाल्याने सांगितलं, नोकरीचं आता बघू पुढे कधी. आमच्याकडे साठलेलं होतं ते इंजिनात गेलं. "आता हिच्यावर खर्च करायला हरकत नाही," बाबा म्हणाले, "चालू ठेवणारं माणूस घरात आलंय." मिस्त्री म्हणाला, मागची डावी बाजू आता एकदम सरळ आहे, चमत्कारच. ड्रायव्हरची सीट तेवढी खचायला लागलीय.

त्या कामासाठीच परवा गाडी गॅरेजात ठेवली. नवरा ती दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून, ओढत नेऊन ठेवून आला, मी गेलेही नव्हते. संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरवर बोलतात.

"साहेब, शटर ओढायचंय," मिस्त्री म्हणत होता. "वहिनींना जरा उतरायला सांगा. मघापासून बसल्यात. हाक मारली की नुसता हात दाखवतात, पाच बोटं."

बाबांनी मान वर केली. दारातून मी त्यांना दिसत होते, गाळणी हातात धरलेली. आमची नजर भेटली. त्यांचा चेहरा किंचितही बदलला नाही. आपल्या बहिणीबद्दल बोलताना ते जेवढे मऊ व्हायचे तेवढ्याच मऊ आवाजात ते फोनमध्ये म्हणाले, "बसू दे तिला. तू शटर ओढ."

फोन बंद झाला.

"चहा झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"आणते," मी म्हटलं.

कप भरले आणि निघायला गेले, तर उजवा पाय फरशीवरून उचलेना. बोटं टेकलेली, टाच जरा वर. मी खाली बघितलं. पाऊल हळूच दाबलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा दाबलं जात होतं. आणि हातातल्या दोन्ही कपांमधला चहा एकसारखा थरथरत होता, चालू गाडीत थरथरतो तसा.