कुंकू लावलेलं कार्ड

रेवणप्पाची नि माझी पहिली भेट झाली तीच भांडणात. भीमेच्या खडकावर मी धुणं धूत होते, आणि ह्या टपालवाल्याची नाव धारेतून आली ती थेट माझ्या अंगावर. अप्पांचं धोतर गेलं वाहून. मी तोंड सोडलं, तर हा हसतोय... "रागावल्यावर लई ब्येस दिसता की," म्हणे. मेल्या, धोतर कोण भरून देणार?

अप्पा शाळामास्तर, आणि गावचं टपाल आमच्याच ओसरीवर. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की टपाल नदीनं येई. दर खेपेला तो यायचा, दर खेपेला मी भांडायचे. तो नाही आला की घरातल्या साऱ्यांशी भांडायचे.

त्या श्रावणात नदी दुथडी भरली होती. नावाडीसुद्धा घरी बसले होते. आणि हा शहाणा खडकांमधल्या धारेत नाव घालून आला. नाव कलंडली, गरकन फिरली... मी पाण्याकडं धावले. काठाला लागला तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. टपालाची पिशवी मात्र मेणकापडात कोरडी.

"जिवावर उदार झालात काय? एक दिवस थांबता येत नाही?"

"सरकारी टपाल हाय. थांबत नसतं."

आज तो हसला नाही. पिशवीतून कार्ड काढून त्यानं माझ्यापुढं धरलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. करकंबच्या पाहुण्यांचं होतं. उन्हाळ्यात ते मला बघून गेले होते.

"तुमचं लगीन ठरलं जणू," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मला दुसऱ्याच्या घरी धाडायला बुडून मरत होता व्हय?"

"पोचवायचं काम हाय माजं..."

"आणि बोलायचं काम कुणाचं? माझं?"

तो पायाकडं बघत राहिला. "तुमी मास्तरांची लेक. मी हा असा... नदीवरचा."

"इष्टलिंग तुमच्याही गळ्यात आहे, माझ्याही; जात एकच आपली. एवढ्या धारेला भ्याला नाहीत, अप्पांना भिता?"

"रुद्राणीबाई... मी आवडतो तुमाला?"

"नाही. मला तुमचा राग येतो — आणि तो जन्मभर यायला हवाय मला."

तो तसाच ओलाचिंब ओसरीवर गेला. अप्पांच्या हातात कार्ड ठेवलं.

"मास्तर, वाचायच्या आधी माजं ऐका... रुद्राणी मला द्या."

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग दाराआड उभ्या माझ्याकडं.

"हिचं तोंड ऐकलंयस ना?"

"दर खेपेला ऐकतो की."

अप्पांनी कार्ड वाचलं, बाजूला ठेवलं. मग त्यांनी कोरं कार्ड ओढलं, करकंबला नकार लिहिला आणि त्याच्याच हाती दिला.

पिशवी बांधून रेवणप्पा लगेच नदीकडं निघाला. माझा राग पुन्हा उसळला. मी पायरीवर त्याला आडवी झाले.

"पाणी उतरल्याशिवाय नावेत पाय टाकून तर बघा."

"सरकारी टपाल—"

"आणि मी? लग्नाआधीच कुंकू पुसू माझं?"

त्यानं नदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पिशवी खाली ठेवली आणि मुकाट्यानं ओसरीवर बसला. त्या दिवशी पहिल्यांदा टपाल थांबलं.