ऑर्विल टेंचचा आवाज

ऑगस्टची दुपार, शारजा औद्योगिक क्षेत्र, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटमधून निघणारी वाफ. दोन वाजता दुबईच्या स्टुडिओत पोचायचं होतं, दीड वाजून गेला होता. अजमानहून निघतानाच मोईनभाई, माझे मोठे भाऊ, म्हणाले होते, “नबिला, गाडी आधी दाखवून घे.” मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे राग काढायला दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

जे पहिलं गॅरेज दिसलं त्यात गाडी घातली आणि भाईंना फोन लावला. “हो, तापलीय. हो, तुम्ही सांगितलं होतं. आता मला आणखी तापवू नका.”

शेजारच्या पिकअपखाली कुणीतरी काम करत होतं. नुसते पाय दिसत होते.

“गाडी होईल थंड,” खालून मराठीत आवाज आला. “आधी तुम्ही व्हा.”

मी फोन कापला. तो आवाज... कडेला किंचित फाटलेला, वाक्याच्या शेवटी अलगद खाली बसणारा. गेले तीन महिने तो रोज हेडफोनमधून माझ्या कानात होता.

मी डबिंगचे संवाद लिहिते. अमेरिकेतल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टीव्ही मालिका एका अ‍ॅपसाठी मराठीत येणार होत्या. मी अजमानला घरी बसून लिहायची आणि झालेलं रेकॉर्डिंग तपासायची. त्या मालिकांमध्ये ऑर्विल टेंच नावाचा एक नट पुन्हा पुन्हा दिसायचा. नायक कधीच नाही. एका मालिकेत गुत्त्याचा मालक, दुसरीत पोस्टमास्तर, तिसरीत साक्ष द्यायच्या आधीच मरणारा साक्षीदार. तेवीस वर्षांत दोनशेवर भाग, आणि एका भागात फार तर दहा वाक्यं. त्याला मराठीत आवाज देणारा ओवेस मुकादम नावाचा कुणी होता. हा माणूस माझी वाक्यं बेधडक बदलायचा.

“ओवेस मुकादम?” मी विचारलं.

पाय हलायचे थांबले. मग तो सरकत बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळे मात्र अगदी स्वच्छ.

“तुम्ही...?”

“नबिला परकार. जिची वाक्यं तुम्ही खराब करता, ती.”

तो उठला आणि फडक्याला हात पुसत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ. “अच्छा... म्हणजे ‘माझं मन द्विधा झालं आहे’ ते तुमचं.”

“काय चुकलं त्यात?”

“गुत्त्याचा मालक आहे तो. समोरच्याच्या हातात बंदूक आहे. अशा वेळी माणसाचं मन द्विधा होत नाही. ‘मला काय सुचत नाय’ म्हणतो आणि गप्प बसतो.”

“हे तुम्ही ठरवणार?”

“टेंच ठरवतो. त्याचं तोंड मिटलेलं असतं आणि तुमचं वाक्य अजून चालूच असतं.”

मला इतकी चीड आली की काही सुचेना. तो शांतपणे माझ्या गाडीवर वाकला. पाण्याचा पाइप फाटला होता. नवा बसवता बसवता मान वर न करता म्हणाला, “तो भाग पुन्हा बघा. टेंच बोलतो तेव्हा नको, दुसरे बोलतात तेव्हा त्याच्याकडे बघा. त्याला वाक्यं कमी मिळायची ना... म्हणून तो ऐकायचा. त्याच्यासारखं त्या मालिकेत कुणीच ऐकत नाही.”

“बघायची गरज नाही,” मी म्हटलं, आणि स्टुडिओतलं काम उरकून घरी आल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता तो भाग लावला. नायक लांबलचक भाषण देत होता. कोपऱ्यात टेंच पेला पुसत होता. नायकाने मेलेल्या भावाचं नाव घेतलं आणि टेंचचा हात थांबला. एवढंच. पण त्या थांबलेल्या हातामुळे मला तो भाऊ खरा वाटला.

म्हणजे ओवेस बरोबर होता. त्यामुळे मी आणखीच चिडले.

मग मी रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत जायला लागले. कारण सांगायची, वाक्यांवर नजर ठेवायला. मंगळवारी आणि शनिवारी तो त्याच्या मामूंच्या त्या गॅरेजमधून सुट्टी घेऊन यायचा, हात घासून घासून लाल केलेले. आम्ही कॅरक चहाचे कप घेऊन जिन्यात उभे राहायचो आणि भांडायचो.

“‘कृपया’ काढून टाकू?”

“हात लावून बघा.”

“तुम्ही रागावलात की तुमची डावी भुवई आधी वर जाते. टेंचचीही जायची.”

“मला त्या टकल्याची उपमा देताय?”

“माझ्याकडे याहून मोठी उपमा नाही,” तो म्हणाला, आणि कपात बघत राहिला.

त्याच्याबरोबर मी टेंचला म्हातारं होताना पाहिलं. तरुण हवालदार होता, केस गेले, पोट सुटलं. मध्येच एका वर्षी तो डावा पाय ओढायला लागला. तेव्हापासून त्याला बसून करायची कामं मिळाली: न्यायाधीश, तिकीटबाबू, आजारी बाप. आणि अगदी शेवटी एक भाग, पूर्ण त्याचा. रेल्वे बंद झाली तरी रोज फाटकावर जाऊन बसणारा म्हातारा फाटकवाला. पाऊण तास टेंच आणि फक्त टेंच.

“त्याला इथवर यायला तेवीस वर्षं लागली,” ओवेस म्हणाला. “मी सहा महिने थांबलोय. झोपेतसुद्धा ते फाटक दिसतं.”

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी स्टुडिओचे मॅनेजर राजन यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. उरलेले सगळे भाग मशीन करणार होतं. ओवेसच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याच्या आवाजाचं मॉडेल तयार केलं होतं, त्याला न विचारता. राजननी नमुना ऐकवला. आवाज तोच, कडेला फाटलेला. पण तो आवाज समोरच्याचं काही ऐकत नव्हता.

ओवेस हसला. “खलास. मामूंकडे काम पुष्कळ आहे.”

मी त्याला जिन्यात गाठलं. “तुमचा गळा चोरलाय त्यांनी. आणि तुम्ही हसता?”

“भांडून काय होणार, नबिला?”

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. ते लक्षात येण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते, तरीही आलं.

“काय होणार ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पण टेंचचं वाक्य दुसऱ्याला मिळालं असतं तर तो हसला नसता. मुकाट्याने गेलाही नसता. तुम्ही मला त्याच्याकडे बघायला शिकवलंत ना? मग जरा स्वतः बघा.”

त्याचं हसू गेलं. मी तशीच परत वर गेले.

“फाटकवाल्याचे संवाद माझ्याकडे आहेत,” मी राजनना सांगितलं. “ते ओवेस बोलणार असतील तरच मिळतील.”

“तुझा व्हिसा आमच्यावर आहे, विसरू नकोस.”

“लक्षात आहे. करा रद्द.”

एवढ्यात मागे दार उघडलं. ओवेस होता. त्याने खुर्चीही ओढली नाही. “माझ्या करारात रेकॉर्डिंग लिहिलंय, राजनसर. मॉडेल नाही. अ‍ॅपवाल्यांना मी आजच तो कागद पाठवतो.” आवाज चढला नव्हता. पण राजन मागे रेलले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मलाही वरून सांगतात रे,” म्हणाले. मग सौदा झाला. मॉडेल पुसणार, फाटकवाल्याचा भाग ओवेस करणार, आणि त्यानंतर आम्हा दोघांना तिथे काम नाही. घरी मोईनभाई आधी माझ्यावर पाच मिनिटं ओरडले. मग ताटात मासा वाढत म्हणाले, “बरं केलंस.”

रेकॉर्डिंग चार तास चाललं. मी काचेपलीकडे उभी होते. शेवटच्या प्रसंगात म्हाताऱ्याला न्यायला मुलगी येते, आणि तो फाटक बंद करून तिच्याबरोबर निघतो. ओवेसने ते इतक्या साध्या आवाजात केलं की मी काचेजवळ सरकले. हे सोन्यासारखं काम यांना नको होतं... मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी आम्ही पार्किंगमध्ये उतरलो. हवा इतकी दमट होती की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी तो पुसत होते, तेव्हा तो म्हणाला, “आता गावी, दापोलीला परत?”

“दुसरं काम मिळालं नाही तर.”

“मी... मामूंना घेऊन तुमच्या घरी येऊ का? भाईंशी बोलायला.”

माझ्या तोंडातून नेमकं नको ते गेलं. “कशाला, व्हिसासाठी? माझी कीव आली म्हणून?”

त्याचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत त्याला माझ्यावर चिडलेलं मी प्रथमच पाहिलं.

“कीव? पहिली स्क्रिप्ट हातात आली तेव्हा मी तुम्हाला पाहिलंही नव्हतं. त्यात तुम्ही बाजूला कंसात लिहिलं होतं, ‘इथे सावकाश बोला, समोरची बाई आत्ताच रडून आली आहे.’ दहा वाक्यांच्या माणसासाठी कुणी एवढा विचार करतं? मी दर आठवड्याला ते कंस वाचायला यायचो. पैशांसाठी नाही, टेंचसाठीही नाही. हे लिहिणाऱ्या बाईबरोबर राहायला मिळालं तर... असं मनात यायचं. आणि तुम्ही कीव म्हणता.” तो थांबला. “तुम्हाला मी नको असेन तर तसं सांगा. पण हे नका म्हणू.”

वॉचमन आमच्याकडे बघत होता. मी चष्मा घातला. त्याचा चेहरा आता नीट दिसत होता, लालबुंद, आणि फार फार आवडता.

“शुक्रवारी या,” मी म्हटलं. “जुम्याच्या नमाजनंतर भाई घरी असतात. आणि मी आधीच हो म्हटलंय, हे त्यांच्यासमोर बोलू नका.”

तो गोंधळला. “तुम्ही हो... कधी म्हटलंत?”

“आत्ता.”