सरावाचा पेशंट

मुकुटबनहून आलेली एसटी दुपारी अडीचला दवाखान्याच्या फाटकाशी थांबली आणि संघदीप उतरला. काम साधंच होतं. भावाचा केसपेपर न्यायचा. त्याची ही तिसरी खेप.

धम्मरत्न, त्याचा मोठा भाऊ, महिन्यापूर्वी इथंच गेला. लोकांच्या कापसावर फवारणी करता करता विष अंगात भिनलं होतं. तासातासाला सुई द्यायची होती. सुया संपल्या म्हणून शीला सिस्टरनं दोन वाजता संघदीपला बाजारात पिटाळलं. चारला तो धापा टाकत परतला, तेव्हा अकरा नंबरच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

"शांत गेला रे. मी जवळच होती," शीला सिस्टर म्हणाली होती.

ते खरं होतं का, एवढंच त्याला कागदावर पाहायचं होतं. आई रोज एकच विचारायची, "माह्या लेकाजवळ कोनी होतं का रे?"

"आज नाही भेटत कागद," शिपाई लखीराम म्हणाला. "नागपूरचा साहेब आला. कम्प्युटर शिकवून राह्यला सिस्टर लोकाईले. बस अंदर, कूलर हाये."

खोलीत खिडक्यांना काळे पडदे लावलेले. फिनाईलचा वास, त्यावर आलुबोंड्याच्या तेलाचा वास. पंधरा-वीस जणी आणि चार कारकून द्रोण मांडीवर घेऊन बसले होते. तोंडं हलत होती, बोटं चाटली जात होती. संघदीप मागच्या बाकावर बसला. इतकी चपळ बोटं त्या दुपारी कुठं गेली होती, देव जाणे.

भिंतीवर कम्प्युटरचं चित्र पडलं होतं. गळ्यात टाय अडकवलेले नागपूरचे नयन साहेब त्याच्यापुढं येरझारा घालत होते.

"या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस सोयी आहेत. तुम्ही वापरता पाच! सुईची वेळ झाली की घंटी वाजते. कुणी चालू केली?"

"सर, ते घंटी लय डोकं खाते," शीला सिस्टर म्हणाली. सगळे हसले. साहेबही हसले.

संघदीप बाकावरून पुढं झुकला. घंटी होती. म्हणजे घंटी होती, आणि यांचं डोकं दुखत होतं.

"बरं, खऱ्या पेशंटवर शिकू नका. सरावासाठी कंपनीनं एक खोटा पेशंट दिलाय." साहेबांनी तो उघडला. नाव, नमुना पेशंट. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "यात खऱ्या नोंदी कुणी भरल्या? फवारणीची विषबाधा, पलंग अकरा?"

कूलर घरघरत राहिला.

"त्या दिवशी चौदा जण आले होते सर," शीला सिस्टर पुटपुटली. "नवीन नाव टाकायचं तर आधार मागते, मोबाईल मागते. हा तयार होता... त्याच्यात टाकला एक."

एक. पलंग अकरा. संघदीपचा भाऊ खोट्या माणसाच्या नावावर मेला होता. म्हणून तर केसपेपर सापडत नव्हता.

"हरकत नाही," साहेब उत्साहानं म्हणाले. त्यांचं कोण मेलं होतं? "नोंदींचा इतिहास बघायची सोय आहे. काय लिहिलं, किती वाजता, कुणी. हेही तुम्ही कधी उघडत नाही."

बटण दाबलं. एक पन्नास, सुई दिली, शीला. त्याखाली चार वाजता, मृत, शीला. मध्ये काही नाही. दोन तासांची पांढरी, कोरी भिंत. शीला सिस्टर रुमालानं बोटं पुसत राहिली.

"साहेब... खाली अजून हाये," संघदीप उभा राहून म्हणाला.

साहेबांनी यादी वर सरकवली. मृत्यूनंतरही ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता. तिसऱ्या दिवशी तीन वाजता. रोज. 'पेशंटची तक्रार' या चौकटीत प्रत्येक वेळी तेच शब्द.

संघ्या आला का

लिहिणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी.

"कोन चावटपणा करून राह्यलं गं?" शीला सिस्टरनं वळून सगळ्यांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही. आलुबोंड्याचा वास केव्हाच विरला होता. कूलरच्या वाऱ्यातून फवाऱ्याच्या औषधाचा उग्र, गोडसर वास येत होता, धम्मरत्नच्या सदऱ्याला यायचा तोच. आणि संघदीपला संघ्या म्हणणारा या जगात एकच माणूस होता.

भिंतीवर नवी ओळ उमटली. वेळ, तीन. साहेबांचे दोन्ही हात टेबलापासून हातभर लांब होते.

संघ्या आला का

"सर, बंद करा ना... बंद करा," कुणीतरी कुजबुजलं.

"सरका," संघदीप म्हणाला. एका सिस्टरला खांद्यानं ढकलून तो टेबलाशी गेला. "जित्या मानसाजवळ बसता नाही आलं तुमाले. आता कायले भेता?"

तो पाचवीपर्यंत शिकलेला. मोबाईलवर टाकायचा तसं, एका बोटानं, अक्षर शोधत त्यानं चौकटीत लिहिलं.

आलो दादा

मग भिंतीवर एकेक अक्षर उमटू लागलं, हळूहळू, धाप लागलेला माणूस बोलतो तसं.

तू आत्ता आला? मंग महिनाभर माह्या उशाशी गुपचूप कोन बसून हाये?