वडीची कड

ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. आत्याच्या चहाच्या दुकानात भाची नुकतीच कामाला लागली होती, आणि पहिल्याच सकाळी शटर अर्ध्यावर अडकलं. ओढून ओढून ती रडकुंडीला आली, तेवढ्यात समोरच्या बेकरीतला तरुण बेकर रस्ता ओलांडून आला. एका झटक्यात शटर वर गेलं, आणि शटरच्या मुठीवर पिठाची पाच बोटं उमटली.

"पुसायची नाहीत का ती?" दुपारी आत्याने विचारलं.

"पुसते की," भाची म्हणाली... आणि पुसली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला आभाराचा चहा पाजला. 

"हा पांढरा चहा, बेकरबुवा."

"पांढरा? म्हणजे दूध जास्त?"

"नुसत्या कोवळ्या कळ्यांचा असतो हा. यात दूध घातलंत, तर पुन्हा शटर उघडायला बोलावणार नाही!"

तो हसला, आणि खिशातून कागदाची पुडी काढली. एका डॅनिश उस्तादाकडे शिकलेली रास्पबेरीची वडी. दोन खुसखुशीत थर, मध्ये आंबटगोड जॅम, वर साखरेचा पांढरा लेप. पहिल्याच घासाला तिने डोळे मिटले.

"ही चव मी चहात आणणार. तुम्ही डोळे मिटून प्यायचं आणि ओळखायचं."

"आणि ओळखलं तर?"

"तर... बघू."

"बघू म्हणजे काय, चहाबाई?"

"आधी ओळखा तर!"

मग रोज एक पुडी येऊ लागली. ती स्वतः बेकरीत कधी गेली नाही — तो आणून देतो, यातच तर गंमत होती. तिने वाळवलेली रास्पबेरी घातली, व्हॅनिला घातला. उकळी मोडल्यावरच पाणी चहाच्या कोवळ्या कळ्यांवर ओतलं. तो प्यायचा, आणि खरं तेच सांगायचा. "हे सरबत झालं." "हा तर साबण!"

अशातच बातमी आली. त्याच्या भावाने दूरच्या शहरात बेकरी काढली होती, आणि महिनाअखेर त्याला तिकडे जायचं होतं.

"अगं, खोटं का होईना, ओळखलं म्हणायला त्या मेल्याचं काय जातं?" आत्या करवादली. "आणि तूच सांगून टाक ना मनातलं!"

"तोंडाने नाही जमायचं, आत्या. चहाच सांगेल. आणि तो खोटं बोलला, तर मी त्याच्याशी बोलणारच नाही."

तिने पुडीतला तुकडा पुन्हा सावकाश चावला. तो तपकिरी, लोणकढ्या तुपासारखा वास... तो कुठून आणायचा? बदामाचे काप तिने पार खमंग होईपर्यंत भाजले आणि चहात मिसळले.

तो निरोप घ्यायला आला, तेव्हा हातात बॅग होती. डोळे मिटून त्याने घोट घेतला.

"नाही... माझी वडी नाही ही."

तिचा चेहरा उतरला. कप परत घ्यायला तिने हात पुढे केला, पण त्याने सोडला नाही. आणखी एक घोट — आणि डोळे खाडकन उघडले.

"ही कड आहे! वडीची कड!"

"कड?"

"ताटभर वडी भाजली की चारी कडा कापून काढतो. त्या जास्त भाजतात ना! मधले चौकोन काचेच्या कपाटात जातात. तुम्ही मधली वडी खाल्लीच नाही कधी?"

"तुम्ही दिलीत कुठे? उरलंसुरलं माझ्या गळ्यात मारलंत इतके दिवस!"

"उरलंसुरलं?" त्याचे कान लाल झाले. "त्या कडेसाठी मी लहानपणी भावाशी मारामाऱ्या केल्यात. ती मी कुणाला देत नाही."

"मग मला का दिलीत?"

"आता हेसुद्धा... डोळे मिटूनच ओळखायचं का?"

"नको," ती म्हणाली. नजर हलली नाही. "उघड्या डोळ्यांनी सांगते. जाऊ नकोस. भावाला म्हणावं, दुसरा बेकर बघ."

ते 'नकोस' ऐकून त्याने बॅग खाली ठेवली.

भावाने दुसरा बेकर शोधला, वर्षभर अबोला धरला, आणि लग्नात सगळ्या कडा एकट्याने संपवल्या. आत्या पुष्कळ जगली, आणि तो चहा अखेरपर्यंत दूध घालूनच प्यायली. बेकरबुवा गेल्या हिवाळ्यात गेले. बेकरी आता मुलगी चालवते. आईचे दात उरले नाहीत, म्हणून ती रोज मधली मऊ वडी पाठवते.

आई ती परत पाठवते. "कड दे," म्हणते. "चहात बुडवून खाईन."